गंगामूळचा संसार
(अनंतशास्त्री डोंगरे यांचें चरित्र)

थोर स्त्रीपुरुषांचीं चरित्रें वाचीत असतां आपली दृष्टि त्यांच्या पराक्रमावर खिळून राहते. परंतु ज्या घरांत त्या पराक्रमाचें बीज रुजलें, त्या घराकडे ती क्वचितच वळते. पंडिता रमाबाई हें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? शारदासदन व केडगांवचें मुक्तिसदन यांची कीर्ति तर समुद्रापलीकडेही गेली. तथापि या विदुषीचे आईबाप कोण होते, त्यांनीं कोठें व कसें घर मांडलें, आणि त्या घरापायीं त्यांना काय सोसावें लागलें, हें सांगणारे थोडेच आढळतात. म्हणून रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें चरित्र त्यापासून निराळें काढतांच येत नाहीं. तेव्हां हें चरित्र उभयतांचें समजावें.

आम्हां मैंदर्गीकरांस तर हा विषय मुळींच परका वाटूं नये. अक्कलकोट तालुक्यांतील हें आमचें गांव मराठी व कानडी या दोन भाषांच्या शिवेवर वसलेलें आहे. बाजारांत एका दुकानीं मराठी तर शेजारच्या दुकानीं कानडी कानावर पडते, आणि पुष्कळ घरांतून दोन्हीही बोलल्या जातात. दक्षिणेकडील मुलखांत लेंक द्यावी, तिकडची सून घरांत आणावी, हें येथें नवलाचें नाहीं. माहेर मागें टाकून परक्या मुलखांत आलेल्या मुलीला नवें पाणी, नवी भाकरी व नवी बोली यांची संवय कशी लावून घ्यावी लागते, हें आमच्या आयाबहिणींना सांगावयास नको. अनंतशास्त्र्यांच्या घरीं आलेल्या मुलीला हें सर्व करावें लागलेंच; पण त्याशिवाय आणखी एक गोष्ट करावी लागली, आणि तिच्यामुळेंच तो संसार इतिहासांत राहिला.

अनंतशास्त्र्यांचा जन्म १७९६ च्या सुमारास झाला. त्यांचें मूळ गांव मंगळूर जिल्ह्यांत, पश्चिम घाटाच्या पायथ्याशीं असलेलें माळहेरंजी. कोंकणांतून पूर्वीं केव्हां तरी दक्षिणेस गेलेलीं चित्पावन ब्राह्मणांचीं घरें त्या बाजूस आहेत. भोंवतीं तुळू व कानडी भाषा, परंतु घरांत मराठी, अशी त्यांची राहणी. त्या काळच्या रीतीप्रमाणें अनंतशास्त्र्यांचें लग्न लहानपणींच झालें, आणि विद्येची हांव मनांत धरून ते पुण्यास आले. तेथें रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं त्यांचें संस्कृताचें अध्ययन चाललें होतें. हे गुरुजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकविण्याकरितां वाड्यांत जात असत, आणि केव्हां केव्हां या शिष्यालाही बरोबर नेत. पेशव्यांच्या पत्नीच्या मुखांतून शुद्ध संस्कृत श्लोक बाहेर पडतांना त्या तरुणानें ऐकले, आणि तो चकित झाला. स्त्रीच्या जिभेला संस्कृत वळत नाहीं, किंवा वळूं देऊं नये, असें त्यानें आजवर ऐकिलें होतें. आतां तर प्रत्यक्ष उलट दिसत होतें. आपण घरीं परत गेलों म्हणजे आपल्या पत्नीलाही ही विद्या शिकवावयाची, असा निश्चय त्यानें त्या वेळींच करून टाकला.

विद्यार्थिदशेंतील निश्चय पुष्कळांचे असतात. ते घराचा उंबरठा ओलांडून आंत जातात कीं नाहीं, हाच खरा प्रश्न. पेशवाई १८१८ सालीं लयास गेली. त्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, अध्ययन संपवून अनंतशास्त्री गांवीं परतले व त्यांनीं पत्नीला शिकविण्यास आरंभ केला. परंतु तिला शिकण्याची इच्छा नव्हती आणि घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना तर तें मुळींच रुचलें नाहीं. तेव्हां तो बेत सोडून देणें त्यांना भाग पडलें. पुढें कांहीं वर्षें ते म्हैसूरच्या दरबाराच्या आश्रयास होते. तेथें त्यांना मान व धन हीं दोन्ही मिळालीं. नंतर काशीयात्रा झाली, नेपाळपर्यंत प्रवास झाला. मध्यंतरीं पहिली पत्नी निवर्तली. अशा रीतीनें चाळिशी उलटून गेली, तरी तो जुना निश्चय मनांत तसाच राहिला होता.

यात्रेहून परततांना गोदातीरीं पैठण येथें एके दिवशीं सकाळीं ते स्नानास गेले असतां दुसरे एक यात्रेकरू गृहस्थ त्यांस भेटले. त्यांचें आडनांव अभ्यंकर. बरोबर पत्नी व दोन लहान मुली होत्या. कुळगोत्राची विचारपूस झाली, हे विधुर आहेत असें समजलें, आणि त्या गृहस्थांनीं आपली नऊ वर्षांची वडील मुलगी त्यांना देऊं केली. दुसऱ्या दिवशीं लग्न लागलें. त्यानंतर मुलीचे आईबाप आपल्या यात्रेच्या वाटेला लागले आणि ती मुलगी एका अपरिचित प्रौढ पुरुषाबरोबर कित्येक शें मैल दूर दक्षिणेस निघाली. तिचें माहेरचें नांव अंबा. सासरीं ती लक्ष्मीबाई झाली.

येथें आम्हांस थोडें थांबलें पाहिजे. चव्वेचाळीस वर्षांचा वर आणि नऊ वर्षांची वधू, ही गोष्ट आज आपण कशीही पाहिली तरी भली म्हणतां येणार नाहीं. चरित्रनायक थोर होता म्हणून त्याच्या काळाचा दोष गुण होत नाहीं. नदीकांठीं एका रात्रींत ज्या मुलीचें भवितव्य ठरलें, तिला कोणींही कांहीं विचारलें नव्हतें. तिचें नशीब एवढेंच कीं, ज्या पुरुषाच्या हातीं ती पडली, त्याला तिच्याकडून चूलमुलापलीकडे आणखीही कांहीं व्हावें असें वाटत होतें. अशा हजारों मुलींपैकीं किती जणींना तेवढेंही लाभलें?

माळहेरंजीस पोहोंचल्यावर अनंतशास्त्र्यांनीं आपल्या बालपत्नीला संस्कृताचे पाठ देण्यास सुरुवात केली. ही शिष्या पहिलीसारखी नव्हती. तिची बुद्धि तीव्र होती व तिला शिकण्याची गोडी लागली. परंतु घरांत व गांवांत पूर्वींचाच विरोध पुन्हां उभा राहिला. बायकोला देवभाषा शिकविणें हा अधर्म, असें शेजारचे शास्त्री म्हणूं लागले. घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पहिल्या वेळीं अनंतशास्त्री नमले होते. या वेळीं त्यांनीं निराळा मार्ग धरिला. घरांत राहून शिकवितां येत नसेल, तर शिकविणें न सोडतां घरच सोडावें, असें त्यांनीं ठरविलें. तरुण पत्नीला बरोबर घेऊन ते घाट चढले आणि गंगामूळ नांवाच्या डोंगरावरील घोर अरण्यांत जाऊन राहिले. हें सुमारें १८४५ सालीं घडलें.

गंगामूळ हें पश्चिम घाटाच्या माथ्यावर, तेव्हांच्या म्हैसूर संस्थानाच्या सीमेवरचें स्थळ. तुंगा, भद्रा व नेत्रावती या तीन नद्यांचा उगम तेथें मानितात, म्हणून तें तीर्थ समजलें जातें. नेत्रावती पश्चिमेस उतरून मंगळुरापाशीं समुद्राला मिळते. तुंगा व भद्रा पूर्वेकडे वाहत जाऊन एकत्र होतात व तुंगभद्रा या नांवानें कृष्णेंत शिरतात. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणारी भीमाही पुढें कृष्णेसच मिळते. तेव्हां गंगामूळच्या अंगणांत पडलेलें पावसाचें पाणी आणि मैंदर्गीच्या शिवारांतून ओहोळानें वाहून गेलेलें पाणी हीं शेवटीं एकाच पात्रांत येतात, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या अरण्यांतील पहिली रात्र या दांपत्यानें उघड्यावर काढली. डोक्यावर छप्पर नव्हतें, भोंवतीं भिंत नव्हती. काळोख पडल्यावर दरीच्या पलीकडून वाघाच्या डरकाळ्या ऐकूं येऊं लागल्या. ती बिचारी मुलगी अंगाभोंवतीं पासोडी गुंडाळून भुईवर थरथरत पडली, आणि तिचा पति उजाडेपर्यंत पहारा करीत बसला. पहांटेस वाघ निघून गेला. पुढें तेथें साधेंसें घर उभें राहिलें. रानांतील श्वापदांची भीति पुष्कळ दिवस गेली नाहीं. पण पाठ मात्र खंडले नाहींत. नव्या घरांत प्रथम काय मांडावें याविषयीं लोकांचे निरनिराळे संकेत आहेत; कोणी पाण्याचा घडा ठेवितात, कोणी चूल पेटवितात. या घरांत चुलीबरोबर पोथीही मांडली गेली, आणि दोहोंपुढेंही तीच एक गृहिणी बसत असे.

लक्ष्मीबाईंचा दिनक्रम सोपा होता असें कोणीं समजूं नये. स्वयंपाक, धुणें, मुलांचें संगोपन, आल्यागेल्याची व्यवस्था, हें सर्व त्यांच्याच अंगावर असे. विद्येच्या नांवाखालीं त्यांनीं यांतील कांहीं टाळलें नाहीं. सारीं कामें आटोपल्यावर रात्रीचे कित्येक तास त्या पुराणग्रंथांच्या अभ्यासांत घालवीत. अशा कष्टानें त्यांनीं संस्कृतावर उत्तम प्रभुत्व मिळविलें. पुढें हळूहळू शास्त्रीबोवांची कीर्ति ऐकून विद्यार्थी येऊं लागले आणि त्या अरण्यांत एक आश्रमच उभा राहिला.

विरोधक मात्र स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं मध्वसंप्रदायाच्या मुख्य गुरूंकडे तक्रार नेली, आणि अनंतशास्त्र्यांना उडुपी येथें पंडितांच्या सभेपुढें बोलावणें आलें. आपल्या वर्तनाचें समर्थन करावें, नाहीं तर जातीबाहेर व्हावें, असा तो प्रसंग होता. जातिबहिष्कार म्हणजे त्या काळीं काय, हें आज नीट ध्यानांत येणें कठीण आहे. विहिरीचें पाणी, मुलांचीं लग्नें, प्रेताला खांदा, या सर्वांची वाट त्यानें बंद होत असे. परंतु अनंतशास्त्री तयारीनें गेले होते. वेद सोडून बाकीचें धर्मवाङ्मय स्त्रियांनीं व शूद्रांनीं शिकण्यास शास्त्राची मनाई नाहीं, हें त्यांनीं ग्रंथाग्रंथांतून आधार काढून दाखविलें. गुरूंची व प्रमुख पंडितांची खात्री पटली; बहिष्कार पडला नाहीं, आणि त्यानंतर कोणीं त्यांना त्रासही दिला नाहीं. आपल्याला नवा धर्म काढावयाचा आहे असें त्यांनीं कधींच म्हटलें नाहीं. ते आचारानें अत्यंत कर्मठ होते व शेवटपर्यंत तसेच राहिले. जुन्या घरांतच एक खिडकी पाडावी, एवढाच त्यांचा आग्रह होता.

शास्त्र्यांच्या सभेंत जिंकलेलें हें घर पुढें द्रव्याच्या अभावीं हरलें. गंगामूळ हें तीर्थ असल्यामुळें बारमास यात्रेकरू येत. दारीं आलेल्या अतिथीला जेवूं घालणें हें शास्त्रीबोवा आपलें धर्मकर्तव्य मानीत, आणि विद्यार्थ्यांचाही भार त्यांच्यावरच होता. कोणाकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं व कोणाला विन्मुख पाठवावयाचें नाहीं, अशा रीतीनें तेरा वर्षें गेलीं. म्हैसुरास मिळविलेलें धन संपलें, मिळकत गेली, आणि कर्ज झालें. या अवधींत झालेल्या मुलांपैकीं कृष्णाबाई, श्रीनिवास व सर्वांत धाकटी रमा, अशीं तीन वांचलीं. रमेचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. ती सुमारें सहा महिन्यांची असतांना या कुटुंबानें गंगामूळ कायमचें सोडलें. वेताच्या मोठ्या पेटींत त्या तान्ह्या मुलीला ठेवून ती पेटी एका माणसाच्या डोक्यावर दिली, आणि सर्वजण डोंगर उतरले. चढतांना एक नवरा-बायको व एक निश्चय एवढेंच होतें. उतरतांना घर मागें राहिलें होतें, तरी निश्चय बरोबरच होता.

यापुढील आयुष्य त्यांनीं तीर्थयात्रेंत काढलें. देवळांत किंवा घाटावर बसून पुराण वाचावें, श्रोते जें देतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम चालला. राहण्याला घर नाहीं, मुलांना शाळा नाहीं. परंतु गंगामूळची पाठशाळा बंद पडली नव्हती. ती चालती झाली होती. अनंतशास्त्री आतां फार वृद्ध झाले होते, म्हणून रमेला शिकविण्याचें काम आईनें पत्करिलें. दिवसाचीं कामें सुरू होण्यापूर्वीं, उजाडण्याच्या आधीं, लक्ष्मीबाई झोंपलेल्या मुलीला मांडीवर घेऊन गोड शब्दांनीं जागें करीत आणि पक्ष्यांच्या किलबिलाटांत तिला श्लोक सांगत. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रमेची आई हीच तिची गुरु होती. परमुलखांत हिंडतांना कानडी, हिंदुस्थानी वगैरे भाषा मुलांना येऊं लागल्या, तरी घरांत शुद्ध मराठीच बोलली जाई. थोरली मुलगी कृष्णाबाई हिचें लग्न त्यांनीं रूढीप्रमाणें लहानपणींच केलें होतें. तें सुखाचें झालें नाहीं. तो अनुभव ध्यानांत धरून धाकट्या मुलीला त्यांनीं अविवाहित ठेविलें. पैठणच्या घाटावर जें घडलें होतें, तें आपल्या हातून पुन्हां घडूं द्यावयाचें नाहीं, असें त्या वृद्ध पित्याला वाटलें असेल काय? आम्हांस तसें वाटतें.

शेवटचा काळ फार खडतर गेला. मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. जवळचें होतें नव्हतें तें, दागिने व भांडींकुंडीं सुद्धां, विकलें गेलें. उच्च जातीचा अभिमान व विद्येचा अभ्यास एवढेंच गांठीं होतें. मोलमजुरी करणें ठाऊक नव्हतें आणि भीक मागणें जिवावर येत होतें. तिरुपतीच्या जवळच्या रानांत पाला व पाणी यांवर या कुटुंबानें अकरा दिवस काढले. अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनीं जलसमाधि घेण्याचें ठरविलें. परंतु मुलगा श्रीनिवास यानें मजुरी करण्याची तयारी दाखविली व तो विचार दूर झाला. वियोगसमयीं त्यांनीं रमेला कवटाळून, आयुष्यभर देवाची सेवा करीत राहा, असा उपदेश केला. थोड्याच दिवसांनीं ते निवर्तले. मागोमाग लक्ष्मीबाईही गेल्या. त्यांना खांदा देण्यास दोनच ब्राह्मण मिळाले. श्रीनिवास तिसरा, आणि चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून तिरडीचा भार तिनें डोक्यावर घेतला व तशीच ती स्मशानापर्यंत चालत गेली. त्यानंतर कृष्णाबाईही वारली.

राहिलेले बहीणभाऊ पायीं हिंडत हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचले. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. रात्रीं दिव्यापुढें बसून एका गृहिणीनें मिळविलेली विद्या अशा रीतीनें विद्वानांच्या सभेंत मान्य झाली. पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. १८८० सालीं भाऊ गेला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला, आणि १८८२ सालीं वैधव्य आलें. पदरांत मनोरमा ही लहान मुलगी होती. १८८३ सालीं इंग्लंडांत रमाबाईंनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. तें पुढच्या वर्षीं पुण्यास आलें. १८९६ च्या दुष्काळांत व पुन्हां १९०० सालीं अन्नान्न करणाऱ्या शेंकडों मुलींना त्यांनीं केडगांवीं आणून आश्रय दिला. दुष्काळांत आईबाप गमावलेली मुलगी शेंकडों पोरक्या मुलींची आई झाली. त्यांनीं सबंध बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. आईनें परमुलखांत जपलेली भाषा येथें फळास आली. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

आतां हिशेब मांडावयाचा तर अनंतशास्त्र्यांच्या हातीं काय उरलें? घर गेलें, मिळकत गेली, शेवटीं अन्नही गेलें. हिशेबीपणा त्यांच्यापाशीं नव्हता, आणि ज्याच्या पदरीं लेंकरें आहेत त्यानें तो ठेवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. अतिथीला वाढतांना उद्यांचें धान्य पाहिलें असतें, तर गंगामूळची पाठशाळा कदाचित् आणखी वीस वर्षें चालली असती. रमाबाईंनीं ही गोष्ट ओळखली होती, असें केडगांव पाहिल्यावर वाटतें. कारण तेथें त्यांनीं मुलींना पोथीबरोबर शेती, विणकाम, छापखान्याचें काम असे पोटाचे धंदेही शिकविले. बापाचा निश्चय त्यांनीं घेतला, आणि त्याची उणीव भरून काढिली. मुलांनीं वडिलांचें ऋण फेडावें तें असेंच.

मैंदर्गीहून दुधनी गांठलें, कीं आगगाडी आपल्याला गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, नेते. १९१२ च्या सुमारास तेथें रमाबाईंच्या कार्याची एक शाळा निघाली व तिच्याकरितां मनोरमाबाईंनीं श्रम केले. म्हणजे गंगामूळच्या झोंपडींत पेटलेला दिवा तिसऱ्या पिढींत आमच्या दारापर्यंत आला होता.

प्रिय विद्यार्थी बंधुभगिनींनो, वाघाचें भय असलेल्या रानांत जाऊन राहण्याचा प्रसंग आज आपणांवर नाहीं. परंतु शाळेंतून आपण घरीं जातों तेव्हां त्या घरांत अक्षरओळख नसलेली आजी असते, चौथीनंतर शाळा सुटलेली एखादी बहीण असते, दूरच्या गांवाहून नव्यानें आलेली व अजून आपली भाषा अडखळत बोलणारी वहिनी असते. शाळेंत मिळविलेली विद्या उंबरठ्याबाहेर ठेवून आंत जावयाचें, कीं ती त्यांच्यापुढें मांडावयाची, हें आपल्यापैकीं प्रत्येकानें ठरवावयाचें आहे. अनंतशास्त्र्यांना पहिल्या प्रयत्नांत यश आलें नव्हतें. दुसरा प्रयत्न त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर केला. येत्या सुटींत आपल्या हातून पहिला प्रयत्न तरी व्हावा, अशी आमची विनंति आहे.